मॉक इंटरव्ह्यूची सेवा घ्यावी का? घ्या, पण उत्तर तुमचंच राहील अशी

मुलाखतीची तयारी करून देणाऱ्या सेवा सध्या चार प्रकारच्या मिळतात. तयार उत्तरांचे संच, समोर माणूस बसवून घेतलेला मॉक इंटरव्ह्यू (सरावाची मुलाखत), बोलणं रेकॉर्ड करून गुण देणारं सॉफ्टवेअर, आणि खरी मुलाखत चालू असताना स्क्रीनवर उत्तरं सुचवणारं अ‍ॅप. चारही निवड होण्याची भाषा करतात. हा रिव्ह्यू मात्र वेगळ्या कसोटीवर लिहिला आहे: पॅनेलला मुलाखतीत जो माणूस दिसला, तोच कामावर रुजू होणार आहे का? तसं नसेल तर निवड झाली तरी सेवा वाईटच म्हणावी लागेल. अनोळखी लोकांना दिवसभर फोन करायला आवडतं असं घोकून सांगितलं, की तेच काम पदरात पडतं आणि पुढची दोन वर्षं तेच करत बसावं लागतं.

निकाल आधीच सांगतो. मॉक इंटरव्ह्यू पैसे देण्यासारखा आहे. दोन, फार तर तीन सत्रं. सॉफ्टवेअर मोजमापापुरतं वापरावं. उत्तरसंचातले प्रश्न ठेवावेत आणि उत्तरं बाजूला सारावीत. चालू मुलाखतीत सुचवणारं अ‍ॅप घेऊच नये.

तयार उत्तरांचे संच

'नेहमी विचारले जाणारे 100 प्रश्न आणि त्यांची उत्तरं' अशा धाटणीची ही फाइल असते. प्रश्नांचा रकाना खरोखर उपयोगी असतो, कारण मुलाखतीतले बरेच प्रश्न याच साच्यातले येतात. बिघाड उत्तरांच्या रकान्यात आहे. पाठ केलेलं उत्तर ठरावीक प्रश्नाला चिकटलेलं असतं. पॅनेलने 'सहकाऱ्याशी मतभेद झाला तेव्हा काय केलंत?' याऐवजी 'सहकाऱ्याचं म्हणणं पटून तुम्ही माघार कधी घेतलीत?' असं विचारलं, की पाठ करणारा पहिल्याच प्रश्नाचं उत्तर देतो. पॅनेलला ते पहिल्या वाक्यात कळतं.

उत्तर आपलं आहे की उसनं, हे तपासायला एक सोपी चाचणी आहे. उत्तर कागदावर लिहा, वर दुसऱ्या कुठल्याही उमेदवाराचं नाव घाला आणि वाचा. तरीही ते चपखल बसत असेल, तर त्यात तुम्ही कुठेच नाही. 'मला आव्हानं आवडतात, मी टीममध्ये मिसळून काम करतो, दडपणाखाली चांगलं काम करतो' हे वाक्य कुणाच्याही नावाखाली चालतं.

मॉक इंटरव्ह्यू: खरा विषय इथे आहे

मुलाखती कशा घेतल्या जातात, यावर या सेवेचा दर्जा ठरतो. मोठ्या कंपन्यांत बऱ्याचदा रचनाबद्ध मुलाखत होते: सगळ्या उमेदवारांना तेच प्रश्न, त्याच क्रमाने, आणि उत्तरांना आधी लिहून ठेवलेल्या मोजपट्टीवर गुण. कारण साधं आहे. श्मिट आणि हंटर या संशोधकांनी 1998 मध्ये अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हा रचनाबद्ध मुलाखतीचा कामाच्या कामगिरीशी संबंध 0.51 (0 म्हणजे काहीच संबंध नाही, 1 म्हणजे पूर्ण संबंध) निघाला आणि मोकळ्या गप्पांसारख्या मुलाखतीचा 0.38. सॅकेट आणि सहकाऱ्यांनी 2022 मध्ये हे आकडे दुरुस्त करून खाली आणले, 0.42 आणि 0.19. दोन्हींतलं अंतर उलट वाढलं. उमेदवाराच्या दृष्टीने याचा अर्थ असा, की मोजपट्टी घेऊन बसलेला माणूस घटना, कृती आणि परिणाम शोधत असतो. सफाईदार बोलण्याला तिथे फारसे गुण नसतात.

म्हणून चांगला कोच बोलण्याची सफाई शिकवण्याआधी तुमच्या कामातल्या घटना बाहेर काढतो. तासाभराच्या सत्राची वेळ साधारण अशी वाटलेली असावी: सुरुवातीची 5 मिनिटं जाहिरात आणि रेझ्युमे समोर ठेवून कुठल्या पदाची मुलाखत आहे हे ठरवण्यात, पुढची 25 ते 30 मिनिटं मध्ये एकदाही न थांबवता घेतलेली मुलाखत, मग 15 ते 20 मिनिटं रेकॉर्डिंग ऐकत चर्चा, आणि उरलेल्या वेळात एकच उत्तर पुन्हा. एकच. पाच उत्तरं घाईने दुरुस्त करण्यापेक्षा एक उत्तर मुळापासून नीट झालं, तर बाकीची उमेदवार घरी स्वतः करू शकतो. उत्तर चालू असताना मध्येच टोकणारा कोच टाळा. त्याने उमेदवार कोचच्या चेहऱ्याकडे बघत, मान डोलते का ते पाहत बोलायला लागतो आणि तीच सवय खऱ्या मुलाखतीत घेऊन जातो.

चांगलं सत्र कसं चालतं ते एका नमुन्यावरून पाहू. समजा, उमेदवार हिशेब विभागातली आहे. प्रश्न: 'कामात तुम्ही केलेली एखादी सुधारणा सांगा.' पहिलं उत्तर असं येतं:

'आमच्याकडे महिनाअखेरचं काम खूप लांबायचं. मग प्रक्रियेत काही बदल करण्यात आले आणि बराच वेळ वाचला.'

यात खोटं काही नाही, पण माणूसही नाही. 'करण्यात आले' या क्रियापदाने कर्ता गिळला आहे. मराठीत विचार करणाऱ्यांच्या तोंडी ही रचना फार पटकन येते, कारण ऑफिसची पत्रं, अहवाल, सूचना सगळं याच वळणाने लिहिलेलं असतं, आणि 'मी, मी' करणं बरं दिसत नाही असंही मनात असतं. मुलाखत इंग्रजीत असली तरी हीच सवय भाषांतर होऊन जाते. कोचने इथे खोदायला हवं. किती दिवस लागायचे? नऊ. उशीर नेमका कुठे व्हायचा? खरेदी विभागाकडची बिलं महिन्याच्या शेवटी गठ्ठ्याने यायची. तुम्ही काय केलंत? दर शुक्रवारी त्यांना थकीत बिलांची यादी पाठवायला लागले. कल्पना कुणाची? साहेबांची, यादीचा नमुना आणि पाठपुरावा माझा. आता किती दिवस लागतात? सहा. आणखी काही बदललं होतं का? हो, त्याच सुमारास विभागात एक माणूस वाढला.

आता वाईट कोच आणि चांगला कोच इथेच वेगळे होतात. वाईट कोच सांगतो, साहेबांचा उल्लेख गाळा, वाढलेल्या माणसाचं काढूच नका, आणि सुरुवात 'मी संपूर्ण प्रक्रिया बदलली' अशी करा. ऐकायला दणदणीत वाटतं. पण पॅनेलचा पुढचा प्रश्न 'हे सुचलं कसं?' असा आला, की एक बनाव सांभाळायला दुसरा लागतो, आणि 'तीनही दिवस यादीमुळेच वाचले का?' या प्रश्नाला तिसरा. चांगल्या कोचकडून ती उमेदवार हे उत्तर घेऊन बाहेर पडते:

'महिनाअखेरची हिशेबबंदी आमच्याकडे नऊ दिवस चालायची. खरेदीची बिलं शेवटच्या दोन दिवसांत एकदम यायची, हे मुख्य कारण होतं. बिलं आधी मागवावीत ही कल्पना आमच्या साहेबांची. थकीत बिलांच्या यादीचा नमुना मी तयार केला, दर शुक्रवारी ती मी पाठवायचे आणि सोमवारी फोन करून विचारायचे. चौथ्या महिन्यापर्यंत हिशेबबंदी सहा दिवसांवर आली. त्याच काळात विभागात एक माणूसही वाढला होता, त्यामुळे सगळं श्रेय यादीचं नाही. पण शेवटच्या दोन दिवसांत येणारा गठ्ठा मात्र यादीमुळेच कमी झाला.'

हे उत्तर मिनिटभरात संपतं. साहेबांचं नाव घेतल्याने ते कमकुवत झालेलं नाही. उलट कुणाचं काय होतं हे वेगळं करून सांगणाऱ्या माणसाच्या आकड्यांवर विश्वास बसतो. आणि यातला कुठलाही धागा पॅनेलने ओढला तरी उमेदवाराला काही आठवून जुळवावं लागत नाही, फक्त घडलेलं सांगावं लागतं. प्रसंग, जबाबदारी, कृती, परिणाम या क्रमाची जी चौकट सगळे कोच शिकवतात, तिचा उपयोग एवढाच: घटना ओळीने लागते. चौकटीत घटना घालायची असते. चौकट भरायला घटना बनवायची नसते. वेळेची विभागणी करताना प्रसंग आणि जबाबदारी मिळून उत्तराच्या पाव भागात आटपा, निम्म्याहून जास्त भाग कृतीला द्या. बहुतेकांचं याच्या उलट होतं. पार्श्वभूमी सांगता सांगता दीड मिनिट जातं आणि स्वतः काय केलं ते एका वाक्यात उरकतं.

खोटं, निवडक आणि खासगी

या सेवा सर्वांत जास्त गोंधळ इथे घालतात, म्हणून थोडं सविस्तर. मुलाखतीत थोडाफार रंग सगळेच भरतात. लेवाशिना आणि कॅम्पिअन यांच्या 2007 च्या अभ्यासात पदवीच्या विद्यार्थ्यांपैकी 90 टक्क्यांहून जास्त उमेदवारांनी या ना त्या स्वरूपात बनाव केल्याचं आढळलं. सरळ खोट्याच्या जवळ जाणारा बनाव करणाऱ्यांचं प्रमाण प्रकारानुसार 28 ते 75 टक्के होतं. कोच याचा आधार घेऊन 'सगळेच करतात' असं म्हणत असेल तर उठून यावं. निवड करून सांगणं ठीक आहे: दहा कामांतली या पदाला लागू पडणारी तीन सांगितली, यात लबाडी नाही. काही न सांगणंही ठीक आहे: आजारपण, घरची परिस्थिती, लग्न, मूल हे पॅनेलच्या हक्काचे विषय नाहीत. न घडलेलं घडलं म्हणून सांगणं ही मात्र वेगळी गोष्ट आहे. तारखा, हुद्दा आणि पदवी यांची पडताळणी बऱ्याच कंपन्या ऑफर दिल्यानंतर करतात, आणि तिथे उघडं पडलेलं खोटं ऑफर घेऊन जातं. तोवर आधीच्या नोकरीचा राजीनामा दिलेला असतो, हे सर्वांत वाईट.

नोकरीत खंड असेल तर कोच कसं सांगायला लावतो ते पाहा. 'त्या काळात फ्रीलान्स काम केलं असं सांगा' हा सल्ला सर्रास मिळतो आणि 'कुणासाठी? किती कामं?' या दोन प्रश्नांत कोसळतो. याउलट 'आठ महिने घरच्या जबाबदारीसाठी थांबले होते, आता पूर्ण वेळ मोकळी आहे, आणि त्या काळात अमुक कोर्स पूर्ण केला' एवढं पुरतं. कोर्स केला नसेल तर तेवढं वाक्य गाळा. दोन वाक्यांवर थांबायचा सराव मात्र करून घ्या, कारण अवघडल्यामुळे उमेदवार पुढे बोलत राहतो आणि जे सांगायचं नव्हतं तेही सांगून बसतो.

कमकुवत बाजू विचारल्यावर 'मी फार काटेकोर आहे' हे उत्तर शिकवणारा कोच जुन्या टिपणांवर धंदा चालवतो आहे. खरी उणीव निवडा, ती त्या पदाचा कणा नसावी, तिचं एक ठोस उदाहरण असावं, आणि तिच्यासाठी आज काय करता ते सांगता यावं. 'काम वाटून देताना मी उशीर करतो, शेवटी दोन कामं माझ्याच टेबलावर पडून राहतात. आता सोमवारी सकाळी यादी करून त्यातली कामं तेव्हाच वाटतो, तरी महिन्यातून एखादं काम अडकतंच.' शेवटचा तुकडा बरेच कोच खोडतात. तो ठेवा. उणीव पूर्ण गेली असती तर ती सांगायची गरजच नव्हती.

नोकरी का सोडता, या प्रश्नाला 'ग्रोथ' हे उत्तर पॅनेलने इतक्यांदा ऐकलेलं असतं, की त्यातून काहीच पोचत नाही. एक खरं कारण, कुणावर दोष न ठेवता, आणि त्याला जोडून या जागेत काय वेगळं दिसतंय ते. साहेबांशी पटत नव्हतं तर त्यामागचं कामाचं कारण शोधा: दर आठवड्याला प्राधान्यं बदलायची आणि हाती घेतलेलं पूर्ण होत नव्हतं, असं असेल तर तेच सांगा. मग पॅनेलकडेही तीच अडचण असेल तर ती तुम्हाला तिथेच कळण्याची शक्यता असते.

खरेपणाचा फायदा होतो का? मूर आणि सहकाऱ्यांनी 2017 मध्ये शिक्षक आणि वकील उमेदवारांवर अभ्यास केला. गुणवत्तेत आधीच वर असलेल्या वकिलांमध्ये, स्वतःला आहे तसं मांडण्याची ओढ असणाऱ्यांची निवड होण्याची शक्यता 3 टक्क्यांवरून 17 टक्क्यांवर गेली. अट नीट वाचा: गुणवत्तेत वर असलेल्यांमध्ये. तयारी कच्ची असेल तर 'मी आहे हा असा आहे' म्हणून भागत नाही. म्हणूनच सरावावर पैसे खर्च करण्यात अर्थ आहे.

रेकॉर्ड करून गुण देणारं सॉफ्टवेअर

तीन गोष्टी हे चांगलं मोजतं: उत्तराची लांबी, वेग आणि 'अं', 'म्हणजे' असे अडखळशब्द. 'तेव्हा काय केलंत?' अशा वर्तनावरच्या प्रश्नाला दीड ते दोन मिनिटं पुरतात. तीनच्या वर गेलात तर ऐकणारा सुटतो. लिखित प्रत मिळत असेल तर त्यात 'आम्ही' आणि 'मी' किती वेळा आले ते मोजा, आणि कर्ता नसलेली वाक्यं अधोरेखित करा. फुकटात मिळणारा हा सर्वांत मोलाचा फीडबॅक आहे.

'आत्मविश्वास 68', 'हास्य 54' अशा गुणांकडे मात्र दुर्लक्ष करा. मुलाखतीचे व्हिडिओ तपासणाऱ्या हायरव्ह्यू या कंपनीनेच चेहऱ्याचं विश्लेषण वापरणं बंद केल्याचं जानेवारी 2021 मध्ये जाहीर केलं. भरतीत काम करणारी कंपनी जे सोडून देते, त्यावर सरावाच्या अ‍ॅपने तुम्हाला हसू शिकवू नये. उच्चारावरचे गुणही तसेच: यंत्राला शब्द ऐकू आला नाही तर ते चूक तुमच्या नावावर टाकतं. प्रत वाचताना कुठले शब्द सतत चुकीचे उमटतात ते पाहा, ते शब्द जरा सावकाश म्हणा, आणि तिथेच थांबा. उसना उच्चार धरून ठेवण्यात निम्मं लक्ष जातं आणि उत्तर विस्कटतं.

चालू मुलाखतीत सुचवणारं अ‍ॅप

थोडक्यात सांगतो, कारण यात तोलण्यासारखं काही नाही. प्रश्न ऐकून, समजून, मजकूर स्क्रीनवर यायला काही सेकंद जातात. त्या वेळात उमेदवार 'खूप छान प्रश्न आहे' म्हणून रेटतो, मग नजर एका ओळीवरून दुसऱ्या ओळीवर सरकायला लागते आणि बोलण्याला वाचनाचा ठेका येतो. पॅनेलने 'डेटाबेसमधल्या त्या टेबलाची रचना जरा काढून दाखवा' म्हटलं की खेळ संपतो. अनेक कंपन्या हे सरळ फसवणुकीत धरतात. माहीत नसेल तेव्हा 'हे मी केलेलं नाही. याच्या जवळचं जे केलंय ते सांगू का?' हे वाक्य पाच सेकंदांत म्हणता येतं, आणि प्रामाणिकपणाने मुलाखत पुढे नेतं.

पैसे देण्यापूर्वी काय विचारायचं

कोचने स्वतः या क्षेत्रात मुलाखती घेतल्या आहेत का, आणि शेवटची कधी? सत्राच्या किमान एक दिवस आधी जाहिरात आणि रेझ्युमे मागतात का? जो मागत नाही, तो सगळ्यांना तेच सत्र विकतो. गुणपत्रिकेचा नमुना पाहायला मागा. त्यात 1 ते 5 गुणांपुढे प्रत्येक गुणाचा अर्थ लिहिलेला असावा, म्हणजे '3: कृती सांगितली, परिणाम मोघम' असं काहीतरी; नुसतं 'कम्युनिकेशन: चांगलं' असेल तर त्याचा उपयोग नाही. रेकॉर्डिंग तुम्हाला मिळणार का, त्यांच्याकडे किती दिवस राहणार, आणि मागितल्यावर खोडणार का, हे लेखी घ्या. त्यात तुमच्या सध्याच्या कंपनीची माहिती असते. सराव करतानाही ग्राहकांची नावं आणि आतले आकडे सांगू नका; 'एक मोठा ग्राहक', 'सुमारे एक तृतीयांश' असं बोलायची सवय तिथेच लागू द्या. पॅनेलसमोर आधीच्या कंपनीची गुपितं सांगणारा उमेदवार उद्या यांचीही सांगेल, असंच कुणालाही वाटेल.

'निवडीची हमी' देणाऱ्यांपासून लांब राहा. निवड कोचच्या हातात नसते.

दोन सत्रांमध्ये तीन-चार दिवस ठेवा. पहिल्या सत्रात निघालेल्या घटनांचे तपशील तपासायला वेळ लागतो: तो आकडा खरंच सहा होता की सात, ते काम कोणत्या महिन्यात सुरू झालं. त्याच प्रश्नांवर चौथं सत्र घेतलं की उत्तरं घासून गुळगुळीत होतात आणि उमेदवार पुन्हा पाठांतरावर येतो. तेव्हा कोच बदला किंवा थांबा.

एक उणीव जवळपास सगळ्याच सेवांमध्ये आहे: उमेदवाराने पॅनेलला काय विचारायचं याची तयारी कुणी करून घेत नाही. शेवटच्या पाच मिनिटांसाठी 'कंपनीची संस्कृती कशी आहे?' हा प्रश्न शिकवतात, ज्याचं उत्तर नेहमी छानच असतं. सत्रातली दहा मिनिटं यासाठी मागून घ्या. 'या जागेवर आधी कोण होतं आणि ते आता कुठे आहेत?', 'पहिल्या 90 दिवसांत माझ्याकडून नेमकं काय पूर्ण व्हावं असं वाटतं?', 'गेल्या महिन्यात टीमला रात्री उशिरापर्यंत किती वेळा थांबावं लागलं?' अशा प्रश्नांना गुळमुळीत उत्तर देणं अवघड जातं. ज्याला संध्याकाळी ठरावीक वेळी घरी पोचावंच लागतं, त्याने तिसरा प्रश्न विचारायला लाजू नये.

आदल्या दिवशी कोचचा फोन येऊन नवीन टिपा सुरू झाल्या तर नम्रपणे नको म्हणा. हातात एक कार्ड असू द्या: चार घटना, प्रत्येकीपुढे एक आकडा, आणि त्यात स्वतः केलेलं एक काम. मुलाखत व्हिडिओ कॉलवर असेल तर ते समोर ठेवायला हरकत नसते, तरी सुरुवातीलाच 'समोर थोडी टिपणं आहेत' असं सांगून टाका.